भिंतीलगतच्या सहा पेट्या

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं. या वेळी मला भांडायचं नाहीये, विचारायचं आहे.

दीड वर्षापूर्वी मी बँक सोडली तेव्हा तू आईसमोर म्हणालास, "लोक पाल दिसली की झाडू घेऊन धावतात आणि आमची चिंगी पाल पाळणार!" सगळे हसले. मीही हसले आणि तेव्हापासून तुला एक ओळ लिहिली नाही. तर कळवते, की माझं पालींचं वसतिगृह उत्तम चाललंय. लोक गावाला जातात, दवाखान्यात भरती होतात, तेव्हा आपला प्राणी माझ्याकडे ठेवतात. अकरा काचेच्या पेट्या आहेत आणि एकही रिकामी नाही.

आता प्रश्न. प्रत्येक पेटीच्या तळाशी चार बोटं जाडीचा थर असतो. काथ्याचा भुसा, वाळू आणि थोडी चिकणमाती. आम्ही त्याला बिछाना म्हणतो. ठिपक्यांच्या पालींना हा बिछाना कोरडा लागतो. ओला राहिला की पोटाची कातडी लाल होते, बुरशी धरते, छाती भरते. माझ्या अकरापैकी सहा पेट्यांचा बिछाना ओला आहे. पाणी फवारणं बंद केलं, पाण्याच्या वाट्या लहान केल्या, वर दिवे लावले. तरी ओलाच.

त्या सहांमध्ये एक चौदा वर्षांची पाल आहे, बाईसाहेब. तिची मालकीण निवृत्त नर्स आहे, एकटी राहते, खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणून तीन महिने दवाखान्यात आहे. बाईसाहेबांच्या पोटावर लाल चट्टा आलाय. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "मलम नंतर. आधी ओल काढा."

तू एकतीस वर्षं कौलांच्या कारखान्यात वाळवणीचं खातं सांभाळलंस. माती कशी वाळवतात ते तुझ्याहून जास्त कोणाला माहीत असेल? सल्ला नको, माहिती हवी आहे. मामीला नमस्कार.

तुझी चिंगी

०

१० फेब्रुवारी

चि. चिंगीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. माहिती हवी, सल्ला नको म्हणतेस. दोन्हीला टपालखर्च सारखाच लागतो, त्यामुळे दोन्ही पाठवतो.

पहिलं म्हणजे मूठ. मधल्या थरातली मूठभर माती घे, घट्ट आवळ आणि हात उघड. बोटांतून पाणी आलं तर ती माती नाही, चिखल आहे. गोळा झाला आणि बोट लावल्यावर फुटला तर ओलसर. गोळाच झाला नाही तर कोरडी. वरून बघून काही ठरवू नकोस. माती वरून नेहमी खोटं बोलते.

आता काम. पाली दुसरीकडे हलव. पेटी एका बाजूला विटेवर टेकव, म्हणजे तळाचं पाणी एका कोपऱ्यात जमेल. तिथे बारीक नळी घालून ते ओढून घे. मग सगळा थर बाहेर काढ. ज्याला आंबूस वास येईल किंवा पांढरे तंतू दिसतील तो सरळ फेकून दे, त्याची दया करू नकोस. उरलेला पसरट परातीत बोटभर जाडीने पसर. जाड ढीग घातलास तर वरचा वाळेल आणि आतला तसाच राहील. दर दोन तासांनी हाताने खालीवर कर. गच्चीवर ऊन असेल तर दोन दिवस, नसेल तर भट्टी, म्हणजे तुझा ओव्हन, अगदी मंद आचेवर. दार जरासं उघडं ठेव, वाफ बाहेर पडू दे.

आणि अर्धवट काम करू नकोस. अकराच्या अकरा पेट्या वाळव, ठणठणीत कोरड्या कर. ओलीच्या बाबतीत दयामाया नाही.

झाडूचं म्हणशील तर ते मी म्हणालो होतो खरं. पण सगळ्यात मोठ्याने तुझा बाप हसला होता.

तुझा मामा

०

१९ फेब्रुवारी

मामा,

तू सांगितलंस तसं अक्षरशः केलं. चार दिवस गच्चीवर परातींची रांग होती. ओव्हनने घरभर जळक्या भुशाचा वास सोडला. अकरा पेट्या ठणठणीत कोरड्या झाल्या. पाचव्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन बारा तास झोपले.

आता पुढचं ऐक. पुढच्या भिंतीकडच्या पाच पेट्यांमध्ये कधीच ओल नव्हती. त्या तुझ्या शब्दाखातर भाजून काढल्या. त्यात आता नुसती धूळ आहे. पाल कात टाकते तेव्हा तिला थोडा ओलावा लागतो, नाहीतर जुनी कातडी बोटांवर दोऱ्यासारखी आवळून बसते. एका शाळामास्तरांच्या पालीचं तसं झालं. मी तिचा पाय कोमट पाण्यात धरून कापसाने तासभर सोडवत बसले. तीन बोटं वाचली. चौथ्याचं टोक गेलं. मास्तरांनी नुसतं पालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

आणि मागच्या भिंतीलगतच्या सहा पेट्या? तीन दिवसांत पुन्हा ओल्या. मूठ आवळली, गोळा झाला, बोट लावलं, फुटलाही नाही. बाईसाहेब आता श्वास घेताना टिकटिक आवाज करते. या पालींची चरबी शेपटीत साठते. आली तेव्हा तिची शेपटी अंगठ्याएवढी होती, आता पेन्सिलीएवढी झाली आहे.

पाच पानं माती वाळवण्यावर लिहू शकतोस, पण एकदाही विचारलं नाहीस की त्या जिवाला किती ओल लागते. आणि मीही विचार न करता ऐकलं, कारण तू इतक्या ठाम आवाजात सांगतोस, की समोरच्याचं डोकं आपोआप बंद पडतं.

चूक माझीही आहे. पण तुला कळवायला हवं होतं.

चिंगी

०

२७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. हिंडलो म्हणजे खुर्चीपासून खिडकीपर्यंत.

तुझ्या मास्तरांच्या पालीचं बोट माझ्या नावावर लिही. आता मी जे सांगतो ते तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी निवृत्त झालो नाही. मला काढलं. दोन वर्षांपूर्वी मोठी मागणी आली होती, चार हजार कौलं, आणि मालकांना घाई होती. वाळवणीच्या खोलीत कौल सावकाश वाळावं लागतं, नाहीतर वरचं आकसतं, आतलं ओलं राहतं आणि भट्टीत गेलं की तडकतं. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मालक म्हणाले, "तीन दिवसांत होतील का?" खोलीत वीस माणसं उभी होती. मी म्हणालो, "का नाही होणार?" आच वाढवली. भट्टी उघडली तेव्हा आतून काचा फुटल्यासारखा आवाज येत होता. चार हजारांतली सहाशे धड निघाली.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून "नाही" म्हणवलं नाही. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर देताना पुन्हा तेच झालं. तू विचारलंस, मी फुगलो आणि आच वाढवली.

आता नीट सांगतो. या वेळी आधी विचारतो.

वाळवलेली माती तीन दिवसांत ओली होते, तर पाणी कुठून तरी येतंय. ते कुठून येतंय हे कळल्याशिवाय वाळवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. बारा रिकामे डबे घे. प्रत्येकात मोजून दोनशे ग्रॅम कोरडी माती घाल, झाकण नको. एकेक डबा प्रत्येक पेटीत आणि बारावा खोलीच्या मध्यावर टेबलावर ठेव. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करून लिहून ठेव. शेजारी त्या दिवशी इमारतीत काय काय झालं तेही लिही. पाणी कधी आलं, खिडकी कधी उघडली, काहीही. फालतू वाटलं तरी लिही. दोन आठवडे घाई करू नकोस. तोवर त्या सहा पाली समोरच्या बाजूला हलव, कागदावर ठेव. कागद रोज बदलता येतो.

आणि मला सांग, कात टाकताना त्यांना ओल नक्की किती लागते, कुठे लागते, किती वेळ लागते?

तुझा मामा

ता. क. हे पत्र टपालपेटीत टाकायला मी निघाले आहे, म्हणून पाकीट चिकटवायच्या आत दोन ओळी. दोन वर्षांत हा माणूस घराबाहेर पडला तो फक्त केस कापायला. कारखान्याचा रस्ता लागतो म्हणून बाजारातसुद्धा येत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मात्र उठून दाढी केली. रागाव हवं तर, पण लिहीत राहा. तुझी मामी.

०

१४ मार्च

प्रिय मामा,

मला माहीत होतं. आईलाही माहीत आहे. तुमच्या कारखान्यातला पॅकिंगवाला आमच्या गल्लीत राहायला आला, तेव्हाच कळलं. तू सांगत नाहीस म्हणून आम्ही विचारलं नाही. आणि तरीही पहिलं पत्र मी तुलाच लिहिलं, हे लक्षात घे. ज्याच्या हातून एकदा बिघडलंय तो माणूस दुसऱ्यांदा नीट बघेल असं मला वाटलं होतं. तू दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा बघितलंस. चालेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कोपऱ्यात झाकणाची एक डबी हवी, आत ओलं शेवाळ. पाल आपलं आपण ठरवते, आत जायचं की नाही. सगळी खोली कोरडी आणि एक न्हाणीघर, असं समज. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तुझ्या धाकात मी डब्यासुद्धा वाळवल्या होत्या.

आता डबे. टेबलावरचा डबा: दोनशे, दोनशे, दोनशे एक, दोनशे. समोरचे पाचही तसेच. भिंतीलगतचे मात्र बघ. रविवारी संध्याकाळी दोनशे. सोमवारी संध्याकाळी दोनशे अकरा. मंगळवारी, बुधवारी जवळजवळ तेवढंच. गुरुवारी संध्याकाळी दोनशे तेवीस. पुढच्या आठवड्यात डबे नव्याने भरले तर पुन्हा तेच, सोमवारी उडी, गुरुवारी उडी. पाणी तर रोज येतं. खिडकी बंदच असते.

एक गोष्ट मी लिहिली नव्हती. मागच्या भिंतीपलीकडे लाँड्री आहे. ही जागा मला लाँड्रीच्या ताईंनीच दिली. पालींना जागा द्यायला कोणी तयार नव्हतं तेव्हा त्यांनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या, "चावत नाहीत ना? मग झालं." सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्याकडे हॉटेलच्या चादरी येतात, म्हणून मोठी वाफेची इस्त्री चालते. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसू नये असं वाटत होतं.

आणखी एक. नर्सबाई रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोन करतात. "खाल्लं का तिने?" मी म्हणते, "हो." बाईसाहेबांनी अकरा दिवस काही खाल्लेलं नाही.

चिंगी

०

१८ मार्च

चि. चिंगीस,

वाफच. मला शंका नाही, पण माझ्या शंका नसण्यावर तू आता विश्वास ठेवू नकोस. स्वतः तपास. येत्या सोमवारी इस्त्री सुरू झाली की तासाभराने मागच्या भिंतीवरून हाताची उलटी बाजू फिरव. तळहात नाही, उलटी बाजू. तळव्याची कातडी काम करून जाड झालेली असते. जिथे ऊब आणि दमटपणा एकत्र लागेल तिथे खडूने खूण कर. भिंतीत वाफेचा नळ असणार आणि त्याचा एखादा जोड सुटलेला असणार. तुझ्या पेट्यांना मागे हवेची जाळी आहे का? असेल तर ओल तिथूनच आत येते. पेट्या वीतभर पुढे ओढ.

मग ताईंना सांग. तू म्हणशील, उपकार करणाऱ्या बाईला तक्रार कशी सांगू? नळातून वाफ गळतेय म्हणजे त्यांच्या इस्त्रीला जोर कमी पडत असणार, चादरींवर दोनदा हात फिरवावा लागत असणार. ती ओल त्यांच्याही भिंतीत मुरतेय. न सांगणं हेच वाईट.

आणि नर्सबाईंना आज सांग. हे पत्र वाचून झालं की. समोरच्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हटलं की काय होतं, ते मी तुला एका अख्ख्या पत्रात लिहिलंय.

मामा

०

३० मार्च

प्रिय मामा,

क्रमाने सांगते, नाहीतर माझं पुढचं मागे होईल.

नर्सबाईंना त्याच संध्याकाळी सांगितलं. खाल्लं का, तर नाही. किती दिवस, तर सतरा. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं नातेवाइकांना हेच सांगत आले. रुग्ण छान आहे, जेवला. तुमच्या आवाजावरून मला चौथ्याच दिवशी कळलं होतं. आज सांगितलंत ते बरं केलंत. आता तिचं वजन सांगा, श्वास मिनिटाला किती ते सांगा आणि पेटीतली उष्णता सांगा." मी सांगत गेले आणि त्या लिहून घेत गेल्या.

सोमवारी भिंतीवरून हात फिरवला. कमरेएवढ्या उंचीवर, बाईसाहेबांच्या पेटीच्या बरोबर मागे, भिंत तापल्या अंगासारखी लागली. खडूने गोल काढला आणि तशीच पांढऱ्या हाताने लाँड्रीत गेले. ताई चादर घडी घालत होत्या.

"काय झालं? पाल सुटली का?"

"नाही. तुमची वाफ सुटलीय."

त्या आल्या, भिंतीला हात लावला आणि कपाळाला हात लावला. "वर्षभर मी त्या इस्त्रीला शिव्या घालतेय! दुरुस्तीवाला तीनदा येऊन मशीन उघडून गेला. भिंत कोणी बघितलीच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुला कधीपासून वाटत होतं?"

"दीड महिना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जागा दिलीत म्हणून."

"जागा दिली म्हणून तोंड बंद ठेवायचं असं कुठे लिहिलंय?" त्या खरंच रागावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी नळवाला आला, भिंत फोडली. जोड दोन बोटं सुटला होता आणि आतल्या विटा पावासारख्या मऊ झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः येऊन म्हणाल्या, "तुझ्या त्या पराती आण. माझ्या कपडे वाळवायच्या खोलीत वरचा कप्पा रिकामाच असतो."

तर आता बिछाना तिथे वाळतो. बोटभर थर, दोन तासांनी खालीवर. गच्ची नको, ओव्हन नको. थोडी ओल राखूनच बाहेर काढते. मुठीत गोळा होत नाही, पण माती हाताला थंड लागते, तेव्हा थांबते. भिंत सुकून डबे आठवडाभर दोनशेवर स्थिर राहिले की मगच पाली परत ठेवणार आहे.

बाईसाहेबांची टिकटिक थांबायला डॉक्टरांची दोन इंजेक्शनं लागली. परवा नर्सबाई चार पायांची काठी टेकत आल्या. स्टुलावर बसल्या, पेटीत हात ठेवला. ती हळूहळू चढून मनगटावर येऊन बसली. बाईंनी चिमट्यात किडा धरला. अर्धा मिनिट काही नाही. मग एकदम झडप! बाई म्हणाल्या, "अगं, बोट सोड." चेहरा इतका फुलला होता की मी उगाच पेटीची काच पुसत बसले. जाताना तिला नेलं नाही. "अजून महिनाभर राहू दे," म्हणाल्या, "मला वाकता येईपर्यंत."

शाळामास्तरांनी त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बारा पेट्या तयार करायला सांगितल्या आहेत. हो, त्याच मास्तरांनी. मी त्यांना बोटाचं सगळं खरं सांगितलं होतं, तुझ्यासकट. बारा पेट्यांचा बिछाना एकटीने होणार नाही. तळाशी निचऱ्यासाठी भाजलेल्या कौलांची खडी घालायची आहे, हरभऱ्याएवढी. तुमच्या कारखान्यात तुटक्या कौलांचे ढीग असतात, ते मागून आणशील का? ये, आणि काम होईपर्यंत राहा. ही विनवणी नाही. मला माणूस हवा आहे.

तुझी चिंगी

०

६ एप्रिल

चि. चिंगीस आशीर्वाद.

खडी मिळाली. दोन पोती, चाळून घेतली आहे, धूळ नाही. बुधवारच्या सकाळच्या बसने निघतो. पोती जड आहेत, स्टँडवर हातगाडी घेऊन ये.

मिळाली कशी ते सांगतो. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा मामी बरोबर आली आणि फाटकापाशी म्हणाली, "मी इथे उभी आहे. कितीही वेळ लागू दे." मग आत जावंच लागलं. फाटकावरचा वॉचमन नवा होता, त्याने नाव विचारलं. माझी तीच जागा, त्याच भिंती, आणि मी नाव सांगतोय.

वाळवणीच्या खात्याला आता फोरमन म्हणून एक मुलगी आहे, सात वर्षं माझ्या हाताखाली होती. मला बघून हातातली वही खाली ठेवली. मी म्हणालो, "तुटकी कौलं हवी होती, भाचीच्या कामाला." ती म्हणाली, "हवी तेवढी न्या काका. पण आधी जरा या रॅकवर हात ठेवाल?"

रॅकवर मोठी वळचणीची कौलं होती. ती म्हणाली, ओल मोजायचं यंत्र कोरडी दाखवतंय, मालकांची भट्टी भरायची घाई चालली आहे, पण तिचं मन होत नाही. मी हाताची उलटी बाजू टेकवली. थंड लागली. दुसरं बघितलं, मधलं बघितलं, मागच्या रांगेतलं बघितलं. घाई केली नाही. चार माणसं जमून बघत होती.

"यंत्राचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण आत ओल आहे. अजून दोन दिवस."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. ती मागे वळून म्हणाली, "भट्टी आज भरायची नाही." बस, एवढंच. माणसं पांगली. मी एका पालथ्या खोक्यावर बसलो. तिने पाणी आणून दिलं.

पोती शिवून दिली, हातगाडीवर चढवून दिली. फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काका, अधूनमधून येत जा. पुन्हा कधी येता?"

मामी माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "बघतो. सध्या भाचीकडे काम चालू आहे."

तुझा मामा